बाराचा पाना

आधी ते मोबाइल उलटे ठेवा. तोंडावर निळा उजेड पाडून बसलेल्या माणसांना गोष्ट सांगायला मला जमत नाही. लाईट येईपर्यंत तुम्हाला दुसरा उद्योग नाही आणि मलाही नाही. भुताची गोष्ट सांगा म्हणालात ना? भूत होतं की काय होतं, ते मी ठरवणार नाही. पक्कडच्या बाबतीत जे घडलं ते सांगतो. त्याने मला सांगितलं तसं.

पक्कड म्हणजे माझा दोस्त. एकदा काम हातात धरलं की सोडायचा नाही, म्हणून पक्कड. त्याची बायकोसुद्धा त्याला याच नावाने हाक मारायची, रागावली की. आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला होतो. मालकाने पंपांच्या धंद्यात बक्कळ पैसा केला आणि मग स्वतःचं संग्रहालय काढलं. गावाबाहेर भलामोठा हॉल. अलीकडच्या बाजूला तेवीस जुन्या मोटारी, पलीकडच्या टोकाला लष्करातून भंगारात निघालेली तीन विमानं. मोटारींच्या गाद्या मी शिवायचो. विमानं पक्कडची. नुसती रंगवून ठेवलेली नाहीत बरं का, सुटा सुटा भाग जोडून पुन्हा जिवंत केलेली.

त्यातल्या एका दोन सीटच्या विमानावर पक्कड आणि त्याची मुलगी चार वर्षं खपले. मुलगी विमानांची इंजिनिअर. शिक्षण संपवून बाहेर नोकरी मिळत होती, ती सोडून बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली. बापापेक्षा दोन गोष्टी जास्तच कळायच्या तिला, आणि पक्कडला त्याचाच जास्त अभिमान. ते विमान एकवीस नोव्हेंबरला, शुक्रवारी सकाळी आठ वाजता पहिल्यांदा उडणार होतं. पुढे एक निवृत्त वैमानिक. मागच्या सीटवर पक्कडची मुलगी.

आता एक गोष्ट नीट ऐका. विमानाच्या कामात हत्यारांचा एक कडक नियम असतो. भिंतीवर एक फळा. त्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगाने सावली रंगवलेली. पान्याच्या जागी पान्याची, हातोडीच्या जागी हातोडीची. काम संपलं की प्रत्येक हत्यार आपल्या सावलीवर परत टांगायचं, हात लावून मोजायचं, मगच वहीत सही. कारण एखादा पाना विमानाच्या पोटात राहिला तर? जमिनीवर काही होत नाही. वर गेल्यावर तो घरंगळतो, कुठल्यातरी तारेत अडकतो आणि विमान वळायचं थांबतं. संपलं.

पक्कडच्या फळ्यावर बेचाळीस हत्यारं होती. प्रत्येकाच्या दांड्यावर त्याच्या मुलीने लाल पट्टा मारलेला, आपली हत्यारं ओळखू यावीत म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी नुसती धांदल. मांडववाले ओरडतायत, मालकाचा दर पाच मिनिटांनी फोन. सहा वाजता पक्कडने दारातूनच फळ्याकडे नजर टाकली. फळा भरलेला दिसला. वही उघडली, सही ठोकली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने हात लावून मोजलं नाही.

घरी मुलीने विचारलं, "बाबा, फळा मोजलात ना?"

"मोजला गं."

"हात लावून?"

"आता बापाची परीक्षा घेणार का तू?" पक्कड म्हणाला. ती हसली, विषय संपला.

रात्री जेवण झालं आणि त्याच्या लक्षात आलं की विमानाची बॅटरी चार्जरवरच राहिली. तो चार्जर जुना, आपोआप बंद होणारा नव्हे. रात्रभर राहिली असती तर बॅटरीची वाट लागली असती. म्हणून हा स्कूटर काढून निघाला. गेटवरच्या वॉचमनने घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली, ती मी स्वतः पाहिली आहे. वीस नोव्हेंबर, दहा वाजून चाळीस मिनिटं.

"उद्या उडणार म्हणून झोप लागत नाही वाटतं?" वॉचमन म्हणाला.

"बॅटरी काढतो आणि आलोच."

हॉलचे मोठे दिवे लावायचे तर मेन स्विच पार मागे, म्हणून त्याने टॉर्चवरच भागवलं. मोटारींच्या मधून चालत गेला, बॅटरी उतरवली, वायर गुंडाळून ठेवली. पाच मिनिटांचं काम. निघताना सवयीने टॉर्च फळ्यावर मारला.

बारा नंबरचा पाना जागेवर नव्हता.

नुसती सावली होती. काळ्या रंगाची. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, दारातून, पाना आणि पान्याची सावली सारखीच दिसली होती त्याला. कळलं का काय झालं होतं ते?

त्याने खिसे चाचपले. टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा उपडा केला. नाही. मग आठवलं, दुपारी बाराचा पाना घेऊन आपण कुठे होतो ते. विमानाच्या शेपटीत. तारांच्या कप्प्या आवळत होतो.

आणि तेवढ्यात आवाज आला.

टिक.

लोखंडावर लोखंड. हलकेच. विमानाच्या शेपटीतून.

त्याला वाटलं, थंडीने पत्रा आकसतो, तसा वाजला असेल. तो थांबला. पुन्हा... टिक. टिक. मोजून दोनदा. पत्रा असा वाजत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मला तो म्हणाला, "मी पळालो असतो रे. पण सकाळी पोरगी त्यात बसणार होती."

तो शेपटीखाली गेला. तिथे तपासणीचं एक गोल झाकण असतं, ताटलीएवढं. चार स्क्रू काढले. टॉर्च जमिनीवर ठेवला, कारण भोक एवढंच की हात घातला की आत बघायला जागा उरत नाही. सगळं बोटांनी चाचपायचं. त्याने उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. गाल पत्र्याला टेकला.

तारा लागल्या. कप्पी लागली. पाना नाही.

आवाजही थांबला होता.

त्याने हात अजून लांबवला. बोटं पसरली. आत हवा गार होती... आणि तेलाचा वास. जुन्या तेलाचा. असं तेल त्या विमानात त्याने कधी घातलंच नव्हतं.

मग...

कुणीतरी त्याच्या तळहातावर पाना ठेवला.

पडला नाही. ठेवला. आधी दांडा, मग तोंड. सावकाश. आणि मग त्याची बोटं एकेक करून मिटली. बाहेरून. गार, तेलकट बोटांनी.

पक्कड तसाच राहिला. हात आत. गाल पत्र्याला. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही.

मग आतली पकड सुटली.

त्याने हात ओढून काढला. पायाचा धक्का लागून टॉर्च लांब घरंगळत गेला आणि विझला. अंधारातच त्याने झाकण लावलं, चाचपत फळ्यापर्यंत गेला, पाना बाराच्या खिळ्यावर टांगला. मग बोटं लावत सगळा फळा मोजला. बेचाळीस. आता बरोबर होती. कुलूप घातलं आणि घरी आला. वॉचमन म्हणतो, त्याने स्कूटर गेटपर्यंत ढकलत आणली. चालू केली ती गेटबाहेर आल्यावर.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण स्वतःची समजूत कशी घातली बघा. पाना वरच्या कुठल्या पट्टीवर असेल, माझ्या धक्क्याने हातात पडला असेल, बाकी सगळे मनाचे खेळ. कुणाला सांगावं तर आधी खोट्या सहीचं सांगावं लागणार. माणसाला लाज ही भीतीपेक्षा जड असते, हे माझं मत. पाना मिळाला, फळा भरला, मिटलं, असं तो धरून बसला.

सकाळी मुलीने हेल्मेट घालता घालता पुन्हा विचारलं, "बाबा, सगळं मोजलेलं आहे ना?"

"आहे. हात लावून मोजलंय." आता आपण खरं बोलतोय असं वाटून त्याला बरं वाटलं.

आठला पाच कमी. इंजिन सुरू झालं. पाहुणे टाळ्या वाजवतायत, मालक छाती काढून उभा. मी तिथेच होतो, मोटारींपाशी. पक्कड हात पुसायला फडकं आणायला हॉलमध्ये गेला. छतातल्या काचेतून ऊन थेट फळ्यावर पडलं होतं.

बाराच्या खिळ्यावरच्या पान्याला लाल पट्टा नव्हता.

आकारही जरा मोठा. सावलीच्या बाहेर येत होता. जुनाट, काळा पडलेला. दांड्यावर कसलातरी आकडा ठोकलेला, एकतीस.

हा पाना त्यांचा नव्हताच. मग त्यांचा कुठे होता?

साठीच्या माणसाला, गुडघा दुखत असताना, तसं धावताना मी कधी पाहिलेलं नाही. तोपर्यंत चाकांपुढचे ठोकळे काढले होते. विमान सरकायला लागलं होतं. पक्कड सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून. पंखा त्याच्यापासून पाच पावलांवर फिरत होता. मालक शिव्या देत होता. इंजिन बंद झालं आणि एकदम शांतता पसरली.

मुलगी उतरली. बापाचा चेहरा बघितला. झाकण तिने स्वतः उघडलं, दिवा आणि आरसा आत घातला. बराच वेळ बघत राहिली. मग दोन बोटांनी अलगद काढला. बाराचा पाना. लाल पट्ट्याचा. तारेच्या दुसऱ्या कप्पीला तोंड लावून पडला होता. जमिनीवर असताना वैमानिकाने विमान वळवायची दांडी दहादा हलवली असती तरी काही कळलं नसतं. पहिल्या वळणाला अडकला असता.

पक्कड तिथेच खाली बसला आणि सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडला. मग रात्रीचं सगळं सांगितलं, खोट्या सहीसकट.

तुम्ही म्हणाल, त्याने वाचवलं. आतल्या त्या कुणीतरी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण विचार करा जरा. ज्याला वाचवायचं असतं, तो खरा पाना देतो. याने आपला दिला. फळा भरलेला दिसावा म्हणून? की त्याला आपला पाना कुणाच्या तरी हाती परत करायचा होता, इतकी वर्षं वाट बघून? मालकाने मग कागद उलटेपालटे केले. ती शेपूट दुसऱ्या विमानाची निघाली, कधीतरी पडलेल्या. का पडलं, ते कागदात नव्हतं.

विमान पुढे महिन्याभराने उडालं. मुलगी मागच्या सीटवर. आता फळा तीच मोजते, रोज, एकेका हत्याराला हात लावून. पक्कडने काम सोडलं.

तो एकतीस आकड्याचा पाना मालक नदीत टाकायला निघाला होता. मुलीने टाकू दिला नाही. म्हणाली, ज्याचा आहे तो घेऊन जाईल. फळ्याच्या बाजूला वेगळा खिळा ठोकून तिथे टांगलाय. त्याला कुणी हात लावत नाही.

मी लावला. मागच्या थंडीत, एका मोटारीची गादी बसवायला पहाटेच गेलो होतो. कुलूप मीच उघडलं, माझ्या आधी आत कुणी नव्हतं. हॉल इतका गार पडला होता की सुई धरवत नव्हती. फळ्यावरची बाकी सगळी हत्यारं बर्फासारखी गार.

तो एकच पाना कोमट होता. आत्ताच कुणीतरी हातातून खाली ठेवल्यासारखा.