तिसरी रेघ

चष्मेवाल्याला हवामानाचं वेड कुठून लागलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुकान बंद करून घरी आलं की बोलायला माणूस नव्हतं, एवढं मात्र खरं. खालच्या मजल्यावर थोरली बहीण राहायची. पण वडिलांच्या माघारी घराची वाटणी झाली तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

त्यानं घरगुती हवामानयंत्र आणलं. एक सेन्सर गच्चीवर लावला, दुसरा खोलीत. मग रविवारी सकाळी संगणकापुढे बसून ग्राफ लावायला घेतले. गच्चीचं तापमान निळ्या रेघेनं, खोलीचं हिरव्या. आडवे दिवस, उभे अंश. रंग, जाडी, स्केल, सगळं मनासारखं बसलं, तोच यादीत तिसरं चॅनल दिसलं.

तिसरा सेन्सर तर त्यानं आणलाच नव्हता.

‘असेल कुणा शेजाऱ्याचा,’ असं म्हणत त्यानं त्यावर खूण केली. लाल रेघ उमटली. बाहेर ऊन रखरखत होतं आणि ही रेघ तळाशी, विहिरीतल्या पाण्यासारखी गार. सिग्नल मात्र भरलेला; गच्चीवरच्या सेन्सरपेक्षा जोरदार. त्यानं ग्राफ मागे सरकवला. निळी आणि हिरवी रेघ यंत्र बसवलं त्या दिवशी सुरू झाली होती. लाल रेघ त्याच्याही आधीची होती. तो मागे मागे जात राहिला. बोट दुखलं, पण रेघ काही संपेना.

तारखेची गडबड असणार, असं ठरवून त्यानं ते चॅनल बंद केलं. संध्याकाळी ते पुन्हा चालू होतं, आणि रेघ थोडी वर सरकली होती.

रोज बंद करायचं, रोज ते चालू. रेघ चढतच होती. शेवटी त्याला वाटलं, हा ताईचाच उद्योग. तो खाली गेला. तिनं दार बोटभर उघडलं.

“ताई, तू माझ्या खोलीत काही ठेवलंयस का?”

“तुझ्या खोलीत पाय ठेवायला मला वेड लागलंय?”

“खरं सांग. किल्ली तुझ्याकडेही आहे.”

“किल्ली तूच हिसकावून नेलीस, विसरलास वाटतं? आणि दिवसभर वर एवढा चालत असतोस, दुकानात जात नाहीस का हल्ली?”

“मी रोज जातो.”

“मग माझे कान खोटे,” असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

वर येऊन त्यानं खोलीतल्या सेन्सरची बॅटरी काढली. हिरवी रेघ तिथंच तुटली. लाल रेघेला धक्काही लागला नाही. मग त्यानं सारं सामान हलवलं, कपाटामागे पाहिलं, फरशा ठोकून बघितल्या. काही नाही. हात झटकून तो खुर्चीत बसला आणि ताडकन उठला.

बैठक उबदार होती. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी रेघ सदतीस अंशांजवळ थांबली. ना उन्हानं वर, ना गारव्यानं खाली. चष्मेवाला शिकलेला माणूस; कुठलीही खोली अशी राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं त्याच चॅनलची आर्द्रता ग्राफवर घेतली आणि स्केल बारीक केलं. रेघ हलके वर जाई, हलके खाली येई. वर. खाली. पाहता पाहता त्याचा स्वतःचा श्वास तिच्या तालावर पडू लागला.

त्यानं दम रोखून धरला.

रेघ चालूच राहिली.

त्या दुपारी तो दुकानात गेला नाही. पडद्यासमोरून हलला नाही. आणि अचानक सिग्नल कमी झाला. एक पट्टी गेली. मग आणखी एक. जे इथं होतं ते खोलीतून निघालं होतं.

जिन्याची पायरी करकरली.

खाली ताई एकटीच होती. इतक्या वर्षांचं भांडण त्याच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. तो अनवाणीच खाली धावला, पण जिन्यात कुणी दिसलं नाही. ताईचं दार बंद होतं. आतून तिचं हसणं ऐकू आलं, लहानपणी हसायची तसं मोकळं.

“ताई! दार उघड! ताई, मी आहे!”

आतली कपबशी वाजायची थांबली.

“कोण रे दारावर?” तिनं आत कुणाला तरी विचारलं.

उत्तर आलं ते त्याच्याच आवाजात, फक्त त्याच्यापेक्षा जरा मायेनं.

“कुणी नाही गं ताई. वारा आहे.”

आणि आतून वरची कडी लागली.