परत फिरलेल्यांची मोजणी

“ताई, आतलं दार लाव! आणि बाबांचा आवाज बाहेर येता कामा नये हं, परीक्षक स्क्रीनवर आलेत...”

धाकट्यानं कोटाची कॉलर सारखी केली आणि संगणकासमोर बसला. ताईनं दार लावलं. अर्धांगानं पडलेल्या बाबांना कुशीवर वळवता वळवता तिची पाठ पुन्हा भरून आली... डॉक्टरेटची तोंडी परीक्षा त्याची, आणि श्वास रोखून धरायचा हिनं! या घराची रीतच तशी. राबायचं एकीनं, आणि वर तिलाच ऐकवायचं, हिला कशाची हौसच नाही!

हौस नव्हती? विमानांना किती प्रवासी मिळतील आणि त्यावरून उड्डाणांचं वेळापत्रक कसं बसवावं, हा विषय मुळात तिचा होता. बाबा पडले, आई आधीच गेलेली, धाकट्याचं शिक्षण अर्धवट. तेव्हा तिनं आपलं संशोधन सोडलं आणि पुढे त्यानं तोच विषय घेतला तेव्हा स्वतःच्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण त्याच्या हवाली केलं. “असू दे रे, तुझ्या कामी येईल,” एवढंच म्हणाली. त्यानं ते घेतलं, आयतं वाढलेलं ताट ओढावं तसं. तिचं नाव? प्रबंधात कुठेच नाही. आभारातसुद्धा नुसतं ‘कुटुंबीय’!

दाराआडून परीक्षक बाईंचा आवाज आला. “विमान भरलं की तिकीटविक्री थांबते. ज्यांना जागा मिळाली नाही ते नोंदीत दिसत नाहीत, म्हणून त्यांचा आकडा तुम्ही अंदाजानं धरलात. उत्तम! पण त्यातला एखादा पुढच्या विमानानं गेला, तर तो तिथंही मोजला गेला. एकच माणूस दोनदा! तुमचं सगळं वेळापत्रक याच आकड्यांवर उभं आहे.”

बाहेर नुसती पानं चाळल्याचा आवाज.

ताईनं दाराला कान लावला. याचं उत्तर तिनं लिहिलं होतं! असे प्रवासी वजा कसे करायचे, पानंच्या पानं... “फार लांबतंय गं,” म्हणून यानंच ती उडवली होती. स्वतःला कळलं नाही ते फालतू, हा याचा शहाणपणा!

“ते... म्हणजे... असे प्रवासी नगण्य असतात, मॅडम.”

“नगण्य? कशावरून?”

बुडू दे मेल्याला! क्षणभर तिला बरं वाटलं. हो, चांगलंच बरं वाटलं, आणि लगेच त्या आनंदाची शिसारी आली. बाहेर जाऊन उत्तर सांगावं तर त्याचं बिंग फुटणार, गप्प राहावं तर तो नापास... दोन्हीकडून मरण त्याचं, आणि शीण मात्र हिच्या जिवाला!

दार बाहेरूनच उघडलं. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ताई, बाहेर ये.”

“कशाला? पुन्हा निस्तरायला?”

“नाही गं...” तो स्क्रीनकडे वळला. “मॅडम, हे प्रकरण माझं नाही. माझ्या बहिणीचं आहे. त्यातली पानं मी काढली, कारण मला ती समजली नव्हती. आणि तिचं नाव काढलं... ते मात्र मी नीट समजून काढलं.”

“मूर्खा! इतकी वर्षं दातखीळ बसली होती, आणि आज भर परीक्षेत कंठ फुटला? डिग्री जाईल ना तुझी!”

“जाऊ दे! ओरड मला, मार. पण ‘असू दे रे’ म्हणू नकोस, ताई... तुझं ते ‘असू दे’च मला खातं!”

तो ढसाढसा रडू लागला. तिला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

“परीक्षा इथेच थांबवावी लागेल,” परीक्षक बाई म्हणाल्या. “चौकशीही होईल.” मग जरा अवघडून, “पण बाई, तुम्ही ते प्रवासी कसे वजा केलेत? मला खरंच ऐकायचंय.”

राहू द्या हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“ऊठ,” ती धाकट्याला म्हणाली, “खुर्ची दे मला. आणि आत जा, बाबांच्या औषधाची वेळ झालीय. पाणी घोटाघोटानं पाज, नाहीतर ठसका लागतो.”

“मला एकट्याला जमेल?”

“मला कुणी विचारलं होतं?”

तो मान खाली घालून आत गेला. ती टेकली. थकलेला, अनोळखी वाटावा असा तिचा चेहरा स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटला.

“पहिलं म्हणजे,” ती म्हणाली, “जागा नाकारलेला प्रत्येक माणूस पुढच्या विमानाची वाट बघत बसतो असं धरू नका, आणि कुणीच बसत नाही असंही नाही. बहुतेक जण मुकाट्यानं घरी जातात.”