नळाजवळचा दगड

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि अण्णांना थाप मारायचासुद्धा कंटाळा होता.

अण्णा अनोळखी सैनिकांच्या दफनभूमीचे रखवालदार. युद्धस्मारकामागे दगडांच्या तीन रांगा. एकावरही नाव नाही.

त्यांचा थोरला भाऊ त्याच युद्धात गेला, तो परत आलाच नाही. इथेच कुठेतरी असेल, एवढ्या आशेवर अण्णांनी ही नोकरी धरली. दादा भारी झोपाळू. लहानपणी त्याला उठवायचं काम अण्णांकडे असायचं. म्हणून रोज पहाटे ते एकेक दगड धुवायचे आणि प्रत्येकाला तेच म्हणायचे, "ऊठ रे दादा, तोंड धू."

एकतीस वर्षं.

मग गुडघे गेले.

"अहो, एकच दगड धरा आणि तेवढाच धुवा," आई म्हणाली. "अख्ख्या पलटणीच्या आंघोळीचा मक्ता घेतलाय का तुम्ही?"

अण्णा हसले नाहीत. ते शोधून थकले होते...

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाजवळचा दगड निवडला. जवळ पडतो म्हणून. "हाच दादा," असं ठरवून टाकलं, तेवढाच धुतला आणि घरी आले.

त्याच्या दुसऱ्या पहाटे फाटक उघडलं, तर आत एकही पाखरू बोलत नव्हतं.

नळ बंद. बादली ठेवली तशीच पालथी.

तरी पाण्याचा आवाज येत होता...

चुळा भरल्याचा. खाकरल्याचा. खूप माणसं एकदम तोंड धूत असावीत तसा.

अण्णा पुढे झाले. आवाज थांबला.

तिन्ही रांगा ओल्याचिंब. पाऊस नव्हता. पायवाट कोरडी ठणठणीत.

एकच दगड कोरडा होता... नळाजवळचा.

अण्णांनी त्यावर बादली ओतली. पाणी ओघळून गेलं. दगड भिजला नाही.

"चुकलो रे बाबांनो," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून पुन्हा सगळे दगड, सगळेच दादा. नळाजवळचा मात्र नऊ वर्षं भिजला नाही. "रुसलाय," अण्णा म्हणायचे आणि पाणी घालत राहायचे.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. चौथ्या दिवशी पहाटे मी बादली घेऊन निघाले. कुणीतरी जायला हवंच होतं.

सगळे दगड कोरडे होते.

नळाजवळचा तेवढा ओला. त्यावरून थेंब गळत होते...

बाकीचे मी धुतले. प्रत्येकाला हाक मारली. नळाजवळच्या दगडापाशी आले आणि बादली खाली ठेवली.

इथे कुणाला उठवायचं? काकांना... की अण्णांना?

अजून रोज जाते. त्या दगडापाशी मात्र गप्पच उभी राहते.