डुकरिणीच्या पोटातलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, खुर्च्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. दुष्काळातली जनावरं तपासून गुरांचा डॉक्टर गुरुपादप्पा पार पिचून गेला होता. त्यात मुरुडजवळच्या भामाबाईच्या डुकरिणीचं पोट फुगलं. वरून हुकूम आला, साथीचा ताप निघाला तर अख्खा कळप मारून पुरायचा.

सरकारी योजनेतली ती पांढरी डुकरं म्हणजे भामाबाईचं सगळं घर. नवऱ्यामागं त्यांच्यावरच तिनं दोन पोरी शिकवल्या होत्या.

"तापच हाय का जी?" तिनं विचारलं.

त्यानं थर्मामीटर लावला. ताप नव्हता. पोटावर थाप मारली तर आत डचमळलं.

"पोटात पाणी झालंय. काढून बघू."

असलं पाणी पिवळट निघतं, वास मारतं, हे त्याला ठाऊक होतं. जाड सुई टोचली. निघालं ते नितळ, गार. त्यानं खाली तसराळं ठेवलं होतं. भामाबाईनं ते सारून घागर लावली. दुष्काळातला हात तो, थेंब सांडू देईना. घागर भरली. दुसरी भरली. पोट काही उतरेना.

"ही पीत तरी काय होती?"

"कशाचं जी? लई दिस झाले, माणसांनाच न्हाई पाणी. सुई ऱ्हाऊ द्या, अजून निघंल."

त्याच्यातही वाद घालायचं त्राण नव्हतं. सुई तशीच ठेवून, तपासणीला बाटलीभर पाणी घेऊन तो निघाला. लातुरात तपासणारा बाटली बघून चिडला. "थट्टा करता का डॉक्टर? हे आडाचं पाणी आहे."

काही असो, साथ नव्हती. त्यानं तसं कळवलं, कळप वाचला. भामाबाईचा जीव भांड्यात पडला, त्याचाही.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. गल्ल्या सुनसान. भामाबाईच्या दारात मात्र बायका घागरी घेऊन बसलेल्या.

भामाबाईनं तांब्या पुढं केला. त्यानं एका दमात संपवला. गार होतं, गोडही.

"टँकर आला वाटतं?"

"न्हाई जी."

त्यानं गोठ्यात पाहिलं. डुकरिणीच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. सुईला जोंधळ्याच्या धाटाचं बूच लावलेलं. पोट तेवढंच.

पलीकडं बाकीचा कळप पडला होता. सगळ्यांची पोटं फुगलेली.

"हिचं आता कमी यायलंय," भामाबाई हळू म्हणाली. "ह्यांना बी सुया लावा, डॉक्टरसाब. बाया सकाळधरनं बसल्यात."

त्यानं हातातल्या रिकाम्या तांब्याकडं पाहिलं. पळावं वाटलं.

घसा पुन्हा कोरडा पडला होता. त्यानं तांब्या पुढं केला.

"आधी अजून एक द्या."