सतराव्या चौकटीतली मुलगी

"चिनात्सू, चल ग! ती आता डोळा मिचकावेल बघ!" तिचा मित्र गेन्ता कुजबुजला. एरवी ज्याच्या जिभेला हाड नसे, तोही आज हळू बोलत होता.

चिनात्सू हलली नाही. सतराव्या चौकटीतल्या छायाचित्रातून एक मुलगी तिच्याकडे एकटक पाहत होती, आणि त्या मुलीचा चेहरा हुबेहूब चिनात्सूचा होता!

चित्रकार अरिमुरा सोहाकू यांची चित्रे सारा जपान ओळखत होता. परंतु तरुणपणी त्यांनी छायाचित्रेही काढली, हे त्यांच्या या बंदरगावालाही ठाऊक नव्हते. यंदा त्यांच्या काचेच्या जुन्या निगेटिव्ह सापडल्या, तेव्हा त्यांवरून छायाचित्रे छापून येथील लहानशा संग्रहालयात प्रदर्शन भरले. पहिल्या दिवशी रांग लागली. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आले, की या मुलीच्या किमोनोची उजवी बाजू डावीवर आहे. जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. उजवी वर असते ती केवळ प्रेताच्या अंगावर! त्यातून ओबोनचे दिवस, घरोघरी पितर आलेले. रांग ओसरली ती ओसरलीच.

एकटी चिनात्सूची आजी मात्र काल या चौकटीपुढे रडली होती. "ही माझी आई! मी पाच वर्षांची असताना युद्धाच्या आगीत गेली, तिच्याबरोबर तिचे सगळे फोटोही गेले. डाव्या डोळ्याखाली तीळ होता तिच्या."

"फुसाएसान, हिचा तीळ उजव्या डोळ्याखाली आहे," संग्रहालयाचे प्रमुख उराबेसान म्हणाले होते. "आणि ही पोर तर तेराव्या वर्षीच वारलेली दिसते. मग तुमची आई कशी असेल?"

आज तीन वाजता ते अशुभ छायाचित्र मंदिरातील होमात जाळायचे आणि त्याची काचेची निगेटिव्ह फोडून पुरायची, असे ठरले होते. अडीच वाजून गेले होते.

"मला घरी जायचंय," गेन्ताची धाकटी बहीण साए मुसमुसली.

"अग, फोटोतलं हे गावसुद्धा भुतांचंच आहे!" गेन्ता एकदम मागे सरला. "धक्क्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की दगडी दीपस्तंभ डावीकडे दिसतो ना? इथं बघ, उजवीकडे!"

चिनात्सूच्या अंगावर सर्रकन काटा आला. दीपस्तंभ उलटा, तीळ उलटा, किमोनो उलटा...

"साए, तुझा तो छोटा आरसा दे!"

"कशाला?"

"दे म्हणते ना!"

आरशात पाहायचे तर त्या मुलीकडे पाठ करणे भाग होते. चिनात्सूने पाठ केली. मानेवर कोणाचा तरी थंड श्वास पडतो आहे, असे तिला वाटले. आरशात आधी केवळ भिंतच आली. मग ती मुलगी दिसली. डावी बाजू वर, तीळ डाव्या डोळ्याखाली, दीपस्तंभ डावीकडे!

"उलटं छापलंय! ही मेलेली नाहीच मुळी!"

तेवढ्यात उराबेसान आत आले आणि चौकट उतरवू लागले.

"उराबेसान, एकदा आरशात—"

"पोरांनो, बाजूला व्हा! पुरोहित खोळंबलेत."

ते ऐकेनात. मुले त्यांच्यामागून मंदिराच्या अंगणात धावली. होम पेटला होता. उराबेसानांनी चौकट उचलली. आता आजीची आई दुसऱ्यांदा जळणार! पण त्याच क्षणी तिला दिसले, की उराबेसानांचे हात कापत आहेत. म्हणजे तेही घाबरले आहेत!

"उराबेसान!" ती ओरडली. "तिला आरशात तोंड न दाखवता जाळलंत, तर आज रात्री ती तुमच्या मागोमाग घरी येईल!"

"बाप रे! आणि तुम्ही तर एकटेच राहता!" गेन्ताने लगेच भर घातली.

उराबेसानांचा चेहरा पांढराफटक पडला. "लवकर दाखव! लवकर!" त्यांनी चौकट छातीशी धरली. चिनात्सूने आरसा समोर धरला. त्यांनी भीत भीत एक डोळा उघडला. मग दुसराही उघडला.

"थांबा, ओशोसान! थांबा!" ते पुरोहितांना ओरडून म्हणाले.

सोबत आणलेल्या पेटीतून निगेटिव्ह काढून त्यांनी ती उन्हात तिरपी धरली. "घाईघाईत मीच ही पालथी ठेवून छापली... माझीच चूक!" आणि तीन मुलांपुढे ते कमरेतून वाकले.

वृद्ध पुरोहित म्हणाले, "आम्ही मोठ्यांनी भीतीने डोळे मिटले. पोरी, तू भीत भीत का होईना, ते उघडे ठेवलेस! शाबास!"

दुसऱ्या दिवशी सतराव्या चौकटीत नवे छायाचित्र लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी त्याच्यापुढे उभी राहिली. मग तिने त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या गालाजवळ, काचेवर, हळूच बोट ठेवले.

"किती लहान आहेस ग तू, आई!"