साठला सहा मिलिमीटर

"इंजिन नाहीये!"

जोआना शेडच्या दारातून इतक्या जोरात किंचाळली की मागच्या केळीतले बगळे उडून गेले. फ्लॉईड आणि निधी धावत आत शिरले. शेड रिकामी होती! कोपऱ्यातले सागाचे तुकडे नव्हते, जुन्या फळ्या नव्हत्या, आणि टेबलाखाली गोणीत गुंडाळून ठेवलेलं त्यांचं इंजिनही नव्हतं.

"नीट बघ ना ताई," फ्लॉईड म्हणाला.

"नीट बघू? अरे, दोन हात लांबीचं इंजिन आहे ते, सुई नाही!"

दोन हात हे जरा जास्तच झालं. जोआनाला राग आला की तिची सगळी मापं वाढतात. इंजिन खरं तर साठ सेंटिमीटरचं होतं. आगगाड्या नव्यानं सुरू झाल्या त्या काळातल्या इंजिनाचं लाकडी मॉडेल: फणसाच्या पिवळ्या लाकडाचा पिंपासारखा बॉयलर, सागाची चौकट, उंच धुराडं, चार चाकं, प्रत्येक चाकाला बारा आरे. बॉयलरवर बांबूच्या काड्या तासून बसवलेले दोनशे चौदा रिव्हेट, म्हणजे गोल डोक्याचे खिळे! त्यातले दीडशे एकट्या निधीनं बसवले होते. ती दहा वर्षांची, सगळ्यांत लहान, आणि बोटं तिचीच बारीक. परीक्षा संपल्यापासून गिरीज गावातल्या इतर मुलांनी क्रिकेट खेळलं, आंबे पाडले. हे तिघं मात्र रोज सकाळी शेडमध्ये रंधा मारत बसले.

शिकवणारे होते शेजारचे पास्कलआजोबा. गोखिवऱ्याच्या एका लोखंड ओतायच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं लाकडी साचे बनवले. स्वभाव असा की कौतुक करायला जीभ वळायची नाही. "हे चाक आहे की भाकरी?" असं ते विचारायचे, आणि चाक पुन्हा करावं लागायचं. त्यांची एक काळपटलेली स्टीलची पट्टी होती. सगळी मापं त्याच पट्टीनं घ्यायची, असा हुकूम होता. काम संपलं की पट्टी पुसून ते स्वतः घरी घेऊन जायचे.

आता त्यांच्या पुतण्याबद्दल, केनी अंकलबद्दल, चार शब्द सांगायला हवेत, आणि ते काही चांगले नाहीत. जागा केनी अंकलच्या नावावर होती. त्यांना शेड पाडून तिथे गाड्या लावायच्या होत्या. "काका, तुम्हाला दिसत नाही धड, कशाला हवी शेड? लोकांनी बघावं असं काहीतरी यातून काढून दाखवा रविवारच्या गावच्या प्रदर्शनात. नाही तर सोमवारी मी जेसीबी आणतो!" हे त्यांनी साऱ्या वाडीसमोर सुनावलं होतं. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि आज होता शुक्रवार.

"काल आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आपण कोणीच इथे नव्हतो," निधी म्हणाली. "कालच गेलंय ते."

तिघं केनी अंकलच्या ओट्यावर जाऊन थडकले.

"भंगार होतं, दिलं काढून!" केनी अंकलनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "फर्निचरवाल्या चंद्रहासला जुना साग हवा होता."

"त्यात आमचं इंजिन होतं!"

"मग गोणीत कशाला ठेवलंत? गोणीत भंगार ठेवतात! चला, निघा इथून."

"आजोबांना सांगू आम्ही!" फ्लॉईड फणफणला.

"सांग की. डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांतून पाणी काढू नका म्हटलंय. सांग जाऊन!"

आजोबांना काही कळू द्यायचं नाही, असं तिघांनी फाटकाबाहेर येऊन ठरवलं. पण केनी अंकलना शिव्या द्यायचं काही त्यांनी थांबवलं नाही!

माल नेणारा टेम्पो कोणाचा, हे शोधायला मात्र फार लांब जावं लागलं नाही. तो निधीच्या बाबांचाच निघाला.

"मना काय माहीत?" रामनाथ कपाळावर हात मारून म्हणाले. "केनी बोलला, सगळं भर आनि गोखिवऱ्याला टाक. गोनीत काय हाय ते कोन उघडून बघतं?"

"बाबा! दीडशे रिव्हेट होते माझे त्यात!"

"अगं, मग बसा ना टेम्पोत! आता काय रडत बसता?"

चंद्रहासचा फर्निचरचा कारखाना म्हणजे पत्र्याखाली भुश्शाचे ढीग आणि यंत्रांची घरघर. स्वतः चंद्रहास दारातच उभा होता. त्यानं मुलांना आत पाऊल टाकू दिलं नाही.

"काका, काल आलेल्या लाकडांत एक इंजिन होतं," जोआना शक्य तितक्या नम्रपणे म्हणाली. "ते आमचं आहे."

"कसलं इंजिन? मी लाकूड घेतलंय, लाकूड! असलं चार चाकांचं खेळणंबिळणं इथे काही नाही. चला, पळा! यंत्रात हात गेला तर तुमच्या आया मला खातील."

दार धाडकन बंद झालं. रामनाथनी टेम्पो वळवला. मग निधी एकदम ताठ बसली.

"चाकं चार आहेत हे त्याला कसं कळलं?"

"म्हणजे?" फ्लॉईडनं विचारलं.

"ताई नुसतं इंजिन म्हणाली. इंजिनाला सहा चाकं असतात, आठ असतात. आपण कुठे सांगितलं चार?"

"लबाड!" जोआना ओरडली. "आहे, त्याच्याकडेच आहे!"

रामनाथ लगेच टेम्पो परत कारखान्याकडे वळवायला निघाले होते. पण बंद दारावर धडका मारून काय मिळणार? "कुठे तरी बाहेर काढेलच तो," जोआना दात खाऊन म्हणाली.

आणि काढलंच की त्यानं! रविवारी चर्चशेजारच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं, आणि मधल्याच टेबलावर इंजिन झळकत होतं. वर चकचकीत पॉलिश, खाली कार्ड: 'जुन्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती. आमच्या कारखान्यात, आमच्या हातांनी घडवलेली.' आणि शेजारी चंद्रहास, नव्या सदऱ्यात!

"हे आमचं आहे!" जोआनाच्या आवाजानं सगळा हॉल वळला.

"ही बघा, कारखान्यातही आली होती भांडायला," चंद्रहास हसत म्हणाला. "बाई, तुम्हीच सांगा, हे पोरांचं काम वाटतं का?"

बाई म्हणजे मार्गारेट बाई, निवृत्त मुख्याध्यापिका आणि प्रदर्शनाच्या परीक्षक. त्यांच्यासमोर अजूनही आख्खं गाव शर्टाची वरची गुंडी लावतं. त्यांनी चष्मा सरसावला.

"जोआना, आरोप करायला अक्कल लागत नाही. पुरावा लागतो. आहे?"

"आहे बाई! ही वही. यात सगळी मापं आहेत."

"छान! मोजूनच टाकू!" चंद्रहासनं खिशातून टेप काढला. इंजिन त्यानं आधीच मोजलं होतं, आणि वहीतले आकडे त्याला वरूनच दिसले होते. "बोल, लांबी किती?"

"साठ सेंटिमीटर."

"साठ आणि वर सहा मिलिमीटर! बॉयलर?"

"चाळीस..."

"चाळीस आणि चार मिलिमीटर! धुराडं?"

"वीस," जोआना पुटपुटली.

"वीस आणि दोन! चाक?"

"दहा."

"दहा आणि एक! एक तरी माप जुळतंय का? बघा बाई! कुठून तरी बघून वही भरली पोरांनी आणि आली चोर ठरवायला!"

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "हल्लीची मुलं!" गर्दीतून केनी अंकल पुढे आले आणि जोआनाच्या हातातून वही ओढायला लागले. "नाक कापलंत माझं! चला घरी! आणि काकांना सांगा, उद्या जेसीबी येतोय!"

जोआनाला रडू फुटलं. तिला रडण्याचीही लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला. आपण प्रत्येक माप तीन-तीनदा घेतलं होतं, मग चुकलं कसं?

निधी मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती.

"थांबा!" ती ओरडली. "साठला सहा, चाळीसला चार, वीसला दोन, दहाला एक! बाई, चूक करताना कोणी अशी पाढा म्हणत करतं का?"

मार्गारेट बाईंनी गणितच शिकवलं होतं तीस वर्षं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा म्हण."

"शंभराला एक, प्रत्येक ठिकाणी! म्हणजे आम्ही चुकलो नाही. आमची पट्टी वेगळी आहे! बाबा, टेम्पो काढा, आजोबांची पट्टी आणा!"

रामनाथ धावले. चंद्रहास कार्ड उचलून म्हणाला, "मला कामं आहेत, मी निघतो," आणि इंजिनाला हात घातला.

"हात काढा," मार्गारेट बाई म्हणाल्या. चंद्रहासनं काढला.

दहा मिनिटांत रामनाथ परत आले. सोबत पट्टी होती, आणि पट्टीबरोबर पास्कलआजोबाही होते, एका डोळ्यावर हिरवं कापड बांधून! "पट्टी मी कोणाच्या हातात देत नाही," ते दारातूनच खेकसले. "काय मोजायचंय?"

मार्गारेट बाईंनी स्वतः मोजलं. लांबी साठ, बॉयलर चाळीस, धुराडं वीस, चाक दहा. एका रेषेचाही फरक नाही!

"पट्टीच खोटी आहे!" चंद्रहास ओरडला.

"खोटा तू!" आजोबांचा आवाज हॉलभर घुमला. "फर्निचर करतोस ना, तुला काय कळणार? वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून आम्ही लाकडी साचा शंभराला एक मोठा करतो. रोज हिशेब कोण करणार? म्हणून आमची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. इथे कोपऱ्यात 'एक टक्का' असं कोरलेलं होतं, ते माझ्या अंगठ्यानं पुसलं गेलं."

मग ते एकदम थांबले. "पण इंजिन तर ओतायचं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पोरांना साधी पट्टी द्यायला हवी होती. माझ्या लक्षातच आलं नाही!"

"बरं झालं नाही आलं!" फ्लॉईड म्हणाला.

"चंद्रहास," मार्गारेट बाईंनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात अशी पट्टी आहे?"

"ते... कारागिराकडे असेल..."

"कारागिराचं नाव?"

चंद्रहासनं केनी अंकलकडे बोट दाखवलं. "भंगार म्हणूनच दिलं होतं मला! विचारा या केनीला!" एवढं बोलून तो रागानं निघून गेला. टेबलावरच राहिलेलं कार्ड बाईंनी उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन नावं ठळक लिहिली. "निधी," त्या म्हणाल्या, "एवढ्या गलक्यात शांत डोक्यानं विचार करणारी मुलगी मी क्वचित पाहिली. आणि जोआना, तू बरोबर होतीस. पुढच्या वेळी आधी डोकं आणि मग घसा!" हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मघाशी हसणारेच सगळ्यांत जोरात वाजवत होते!

आजोबा इंजिनावर वाकले. एका डोळ्यानं त्यांनी आरे पाहिले, रिव्हेटवरून बोट फिरवलं. "पॉलिश भिकार आहे," ते म्हणाले. "काम चांगलं आहे." तिघं एकमेकांकडे बघत राहिले. उन्हाळाभरात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

आता सगळ्यांच्या नजरा केनी अंकलवर होत्या. ते लाल झाले, पांढरे झाले, मान खाजवून झाली.

"बरं, बरं! राहू दे शेड! बोललो तर बोललो. पण सकाळी आठच्या आधी ठोकाठोक ऐकू आली, तर याद राखा!"

"आम्ही साडेसातला सुरू करतो," पास्कलआजोबा म्हणाले. "तू कापूस घाल कानात."