नूरीच्या पायांवरचे वळ

"डॉक्टर, दोर नसताना दोराचे वळ पडतात का?"

हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारून दाखवला तर माझी मैत्रीण योगिता मला आठवडाभर सायकलवर डबलसीट नेणार होती. वर्गातल्या प्रियदर्शनीची तर खात्रीच होती की माझं तोंड उघडणारच नाही. तिचंही बरोबर होतं म्हणा. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला माझ्या वाटचं 'हजर' योगिताच म्हणायची. पण यंदा मी वक्तृत्वात भाग घेतला, स्टेजवर शेवटपर्यंत बोलले, आणि तेव्हापासून मला गप्प बसवणं अवघड झालंय.

कडा गावातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर जनावरांच्या तपासणीचं शिबिर होतं. म्हशी, शेळ्या, एक लंगडं वासरू, आणि रांगेच्या शेवटी कडुलिंबाखाली अब्बा आणि आमची नूरी. नूरी म्हणजे वरातीची घोडी. पांढरी, शहाणी, पोरांनी शेपटी ओढली तरी न चिडणारी. तिच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुरांच्या जरा वर, केस गेलेले गोल पट्टे होते. काही जुने, गुळगुळीत. एक ताजा, लालसर.

डॉक्टर वाकले, पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"पडत नाहीत, बाळा. हा पायबंद आहे. कोणीतरी हिचे पाय एकत्र करकचून बांधतंय."

बोलले माझ्याशी, पण बघितलं अब्बांकडे. मग सगळ्या रांगेनं बघितलं.

"साहेब," अब्बा म्हणाले, "कुराणाची शपथ, हिला मी कधी पायबंद घातलेला न्हाई. घरी तर ही मोकळीच असती."

डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि पुढं काही बोलले नाहीत. ते न बोलणंच गावभर झालं. संध्याकाळी मंडपवाला राधाकिशन दारात उभा. "शफीभाई, राग मानू नका. लोक म्हणत्यात तुमी घोडीला तार बांधून नाचायला शिकवता. शिंद्याच्या घरचे लग्नाला दुसरी घोडी बघणार हायेत."

अब्बांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर फोन उचलला आणि दलालाला सांगितलं, बाजाराच्या दिवशी येऊन घोडी घेऊन जा. अम्मीनं भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवले, बस्स. नूरी अंगणात कडबा खात होती. प्रश्न मी विचारला होता. उत्तरही मलाच आणावं लागणार होतं.

अम्मीच्या फोनमध्ये प्रत्येक वरातीचे, आणि दुसऱ्या दिवशी नूरीला अंघोळ घालतानाचेही व्हिडिओ असतात. ती स्टेटसला ठेवते. मी बसून एकेक बघत गेले. नवरदेवांकडे नाही, नूरीच्या पायांकडे. आष्टीची वरात, दुसऱ्या दिवशी पाय स्वच्छ. तेलगावची, स्वच्छ. पण शिवेपलीकडच्या वाडीला गेलो की दुसऱ्या दिवशी लाल पट्टा. दर वेळी. वाडीला जायला अब्बा डांबरी सोडून जुनी गाडीवाट धरतात, जवळ पडते म्हणून.

"अब्बा, त्या वाटेवर काय हाय?"

"काय असणार? बाभळी. आन् ते दोन दगडी खांब, तिथं नूरी डीजेला बुजून जरा अडती. निजामाच्या टायमाचा करोडगिरी नाका. पलीकडं इंग्रजाचा मुलूख होता ना, मग इथं माल तपासायचे, जकात घ्यायचे. ज्याचा हिशेब लागायचा न्हाई त्याची घोडी तिथंच बांधून ठेवायचे." अब्बा जरा हसले. "तुझे दादा, म्हंजी माझे अब्बा, वरात घेऊन तिथं पोचले की ओरडायचे, 'माल नहीं, मेहमान है!' आन् मग स्वतःचं नाव, गाव. वऱ्हाडी पोट धरून हसायचे."

"मग तुमी कावून न्हाई ओरडत?"

"डीजेत कुणाला ऐकू येतंय, बेटा? आन् लाज वाटती."

दादा गेले तेव्हापासून नूरीचा लगाम अब्बांकडे आला. पट्टेही तेव्हापासूनचे.

रविवारी दुपारी मी नूरीला चरायला म्हणून बाहेर काढलं. योगिता सायकल घेऊन मागे. "तू येडी झालीस," ती सारखी म्हणत होती, पण परत जात नव्हती. ऊन चांगलंच होतं. वाटेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या, दोन्हीकडे काढणी झालेली तुरीची खुंटं, पायात फुफाटा.

खांब माझ्या खांद्याएवढे. एकाच्या डोक्यावर सरडा बसलेला. त्यांच्यामधली माती ओली होती. नुकताच कोणीतरी सडा घातल्यासारखी. आजूबाजूला ना घर, ना विहीर.

योगिता अलीकडेच थांबली. "मी इथूनच बघते गं."

मी लगाम धरून पुढं झाले. नूरी दोन पावलं आली आणि थांबली. मग तिनं पुढचे दोन्ही पाय हळूच जवळ आणले. अगदी जवळ, खुराला खूर लावून. नाल ठोकायला पाय उचलणारं माणूस समोर असलं की ती जशी मुकाट उभी राहते, तशी. कान एकाच बाजूला वळलेले.

मी खाली बसले. तिच्या पायावरचे केस दबत होते. एक बारीक खळगी पायाभोवती गोल फिरत गेली आणि खोल होत चालली. मी बोट लावलं. बोटाला फक्त गरम कातडं लागलं. दोर नव्हता. तरी खळगी आणखी आत गेली आणि नूरीच्या पोटातून एक बारीक हुंकार निघाला.

कोणी काही विचारलं नाही. पण कोणीतरी उत्तरासाठी थांबलंय, हे कळत होतं. हजेरी घेताना सर मान वर न करता थांबतात ना, तसं.



"माल नहीं," मी म्हणाले. "मेहमान है."

खळगी तशीच.

नाव राहिलं होतं.

मागून योगिता माझ्या वतीनं बोलली असती तर किती बरं झालं असतं. पण तिला काही दिसतच नव्हतं.

मी उभी राहिले. स्टेजवर राहिले होते तशी.

"खुशनुमा शफी शेख! मुक्काम कडा! घोडी आमची हाय!"

आधी एक केस उठला. मग दुसरा. मग सगळी खळगी भरून आली. नूरीनं एक पाय उचलला, झटकला, आणि खांबांमधून चालत पलीकडे गेली. जशी काही रोजचीच वाट.

मी तिच्या मानेला मिठी मारून रडले. हसलेसुद्धा. पायांवर नवा ओरखडाही नव्हता.

परत येताना तिला कोणी अडवलं नाही. योगिता सायकल ढकलत माझ्या बाजूला आली. 

"खुशी, एक सांग. नाव दोनदा कावून घेतलंस?"

"एकदाच घेतलं."

"न्हाई गं. एकदा ओरडलीस. मग परत एकदा, सावकाश. लिहून घेताना माणूस बोलतं ना, तसं. आवाज बी लई घोगरा वाटला तुझा."

 मी नूरीचा लगाम जरा आखूड धरला.

घरी अब्बा अंगणात होते. मी त्यांना नूरीचे पाय दाखवले, सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पाय हातात घेऊन नीट बघितले, मग कपाळ तिच्या गुडघ्याला टेकवलं. लगेच उठून दलालाला नको म्हणून सांगितलं. अम्मी दारात पदरानं डोळे पुसत मलाच रागवत होती, न सांगता गेलीस म्हणून.

"वाडीच्या वराती आता बंद," अब्बा म्हणाले. "काय हाय ते असू दे तिथं."

"न्हाई अब्बा," मी म्हणाले. "वाडीच्या वराती घ्यायच्या. त्या वाटेनंच न्यायच्या, आणि तिथं लगाम मी धरणार. दर वेळी."

"तूच कावून गं?" अम्मी म्हणाली.

"तिथं आता माझं नाव लिहून घेतलंय, अम्मी. हजर तर राहावं लागंल."